दिवसाचा आजार, रात्रीचा कायदा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवरक्षक औषधांवरचा कर पूर्णपणे उठला. त्याआधी फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांमध्ये कर्करोगासाठी डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली होती. या निर्णयांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु हप्ता स्वस्त झाला म्हणजे उपचार पदरात पडला, असे होत नाही. हप्ता भरणाऱ्या माणसाला गरजेच्या दिवशी पैसे मिळतात की नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधायला निघाले की एक जुनी, गंजलेली अट आडवी येते. ती अट चोवीस तासांची आहे.

आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ‘रुग्णालयात दाखल होणे’ याचा अर्थ सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून राहणे, असा आहे. काही ठरावीक उपचारांना तेवढी सूट आहे. म्हणजे रोग्याने रुग्णालयात रात्र काढली तर तो आजारी. सकाळी गेला, दिवसभर सलाईनवर पडून राहिला आणि संध्याकाळी घरी परतला, तर त्याचा आजार विम्याच्या लेखी धरलाच जाईल याची खात्री नाही! कायद्याला रात्र दिसते, दिवस दिसत नाही. आणि दीर्घ मुदतीच्या अनेक आजारांवरचे आजचे उपचार नेमके दिवसाचे आहेत. या विसंगतीची किंमत कोण मोजतो, हे मी स्वतःच्या आजारपणात जवळून पाहिले. म्हणून हा प्रश्न वाचकांपुढे मांडत आहे.

सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा

मला नऊ वर्षांपासून आमवात आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात. हा म्हातारपणी गुडघे झिजण्याचा संधिवात नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. बोटे, मनगटे, पावले सुजतात. सकाळी तास दीड तास मूठ मिटत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि तो ऐन कामाच्या वयात गाठतो. कामगार न्यायालयात वकिली करणाऱ्या बाईला अकराच्या पुकाऱ्याआधी वकीलपत्रावर धड सही करता येऊ नये, ही अडचण वाचकांना लक्षात येईल. धुणीभांडी करणाऱ्या, विणकाम करणाऱ्या, फाईलचे गठ्ठे उचलणाऱ्या बाईची अडचण त्याहून मोठी. तिचे हातच तिचे भांडवल असते.

या आजाराचे पहिले औषध मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या या गोळ्या फार महाग नाहीत आणि पुष्कळांना त्यांचा गुण येतो. मलाही काही वर्षे आला. पुढे त्याच्या जोडीला आणखी गोळ्या आल्या. गेल्या वर्षी मात्र सूज कशालाच दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब हे औषध शिरेतून देण्याचे ठरवले.

या औषधाची हकीगत समजून घेण्यासारखी आहे. १९९७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती लिम्फोमा नावाच्या कर्करोगासाठी. आपल्या रक्तात बी पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-२० नावाची खूण असते. हे औषध ती खूण ओळखून त्या पेशींना चिकटते आणि त्यांचा नाश घडवून आणते. आमवातात सांध्यांवर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीला याच बी पेशींचे बळ असते. त्यामुळे २००६ साली तेच औषध आमवातासाठीही मान्य झाले. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती मूळ औषधापेक्षा पुष्कळ कमी किमतीत बाजारात आणली. आज राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि त्याच्या कमाल किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे. म्हणजे हे श्रीमंतांचे चोचले पुरवणारे औषध राहिलेले नाही. सरकारनेच ते अत्यावश्यक मानले आहे.

आमवातासाठी त्याची मात्रा एक हजार मिलिग्रॅमची. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. पुढचा फेरा साधारण सहा महिन्यांनी, गरज पाहून. सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी झालीच पाहिजे, कारण शरीरात दबून राहिलेली ही कावीळ या औषधाने उसळू शकते आणि जिवावर बेतू शकते. लसी घ्यायच्या असतील तर त्या आधी घ्याव्या लागतात, कारण नंतर शरीर लसीला नीट प्रतिसाद देत नाही.

पहिल्या दिवशी मी सकाळी साडेआठला मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या डे-केअर वॉर्डात हजर झाले. नोंदणी, अनामत रक्कम, वजन, ताप, रक्तदाब यांत दहा वाजले. मग सुई लावली. औषध सुरू करण्याच्या अर्धा तास आधी तापाची गोळी, ॲलर्जीचे इंजेक्शन आणि शिरेतून स्टेरॉइड दिले. अकरा वाजता पंपाचे बटण दाबले गेले. पहिल्या वेळी औषध अतिशय हळू सोडतात. तासाला ५० मिलिग्रॅम या वेगाने सुरुवात, आणि त्रास झाला नाही तर दर अर्ध्या तासाला वेग ५० ने वाढवत तासाला ४०० पर्यंत न्यायचा. सगळे सुरळीत झाले तरी नुसते औषध जायला सव्वाचार तास लागतात. माझे सुरळीत झाले नाही. सव्वाबाराच्या सुमारास घशात खाज सुटली, कान तापले, छातीवर लाल चट्टे उठले. सिस्टरने तत्काळ पंप बंद केला, डॉक्टरांना बोलावले, आणखी एक इंजेक्शन दिले. पस्तीस मिनिटांनी निम्म्या वेगाने पुन्हा सुरुवात झाली. पावणेपाचला कुपी संपली. त्यानंतर तासभर देखरेखीखाली थांबून, सहा वाजता मी बाहेर पडले.

हा तपशील मुद्दाम सांगितला. हा उपचार घरी होत नाही, दवाखान्यातल्या बाकड्यावर होत नाही. त्याला खाट लागते, प्रशिक्षित परिचारिका लागते, दर अर्ध्या तासाला रक्तदाब पाहावा लागतो, प्राणवायू आणि तातडीची इंजेक्शने हाताशी लागतात. रुग्णालयाशिवाय तो होऊच शकत नाही. तरीही विम्याच्या भाषेत याला ‘बाह्यरुग्ण उपचार’ ठरवता येते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

एकच कुपी, दोन न्याय

सकाळी अनामत रक्कम भरतानाच बिलाच्या खिडकीवरच्या कारकुनाने मला आपुलकीने सल्ला दिला होता : “मॅडम, आजची रात्र राहा. चोवीस तास भरले की क्लेम पास होतो.” त्याचा सल्ला व्यवहाराचा होता. पण त्याचा अर्थ काय होतो? ज्या रोग्याला रात्री रुग्णालयाची गरज नाही, त्याने निव्वळ विम्याच्या अटीसाठी खाट अडवायची, खोलीचे भाडे द्यायचे, आणि ज्याला खरोखर खाट हवी त्याने बाहेर ताटकळायचे. शिवाय उद्या हीच कंपनी ‘अनावश्यक दाखल’ म्हणून तोच दावा फेटाळायला मोकळी! मी रात्र राहिले नाही. तीन आठवड्यांनी विमा कंपनीच्या वतीने पत्र आले : चोवीस तास पूर्ण नाहीत, उपचार डे-केअरच्या व्याख्येत बसत नाही, सबब दावा नामंजूर.

ही डे-केअरची व्याख्या एकदा वाचण्यासारखी आहे. तंत्रज्ञानाच्या प्रगतीमुळे चोवीस तासांच्या आत होऊ लागलेला, पण एरवी ज्याला चोवीस तासांहून अधिक काळ दाखल व्हावे लागले असते, असा उपचार. आणि तो पूर्ण किंवा स्थानिक भूल देऊन केलेला असावा. म्हणजे व्याख्या करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. पूर्वी मोतीबिंदूला काही दिवस पडून राहावे लागे, आता दुपारी माणूस घरी जातो. तिथे ही व्याख्या शोभते. पण सलाईनमधून जाणाऱ्या औषधाला भूल कशाला लागेल? आणि जो उपचार जन्मालाच दिवसाचा म्हणून आला, त्याला ‘एरवी’ किती रात्री लागल्या असत्या, हे कोणी सांगायचे?

अर्थात कायदा अगदीच मुका नाही. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, २७ सप्टेंबर २०१९ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत बारा आधुनिक उपचारांची यादी आहे. हे उपचार कंपनीने पॉलिसीतून वगळू नयेत, असा तिचा आशय आहे. त्या यादीत ‘इंजेक्शनद्वारे दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी’ स्पष्ट शब्दांत आहे. रिटुक्सिमॅब ही मोनोक्लोनल अँटिबॉडीच आहे. मग अडते कुठे? अडते ते अंमलबजावणीत. कंपन्या या उपचारांवर वेगळी, तोकडी मर्यादा घालतात. यादीतला शब्द ‘इम्युनोथेरपी’ असा असल्याने तो कर्करोगापुरताच आहे, असा सोयीचा अर्थ काढतात. आणि सामान्य पॉलिसीधारकाला ही यादी अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसते.

यातली विषमता पाहा. माझ्या समोरच्या खाटेवर लिम्फोमाचा रोगी होता. त्याला तेच औषध, तोच पंप, तीच सिस्टर, तीच साडेआठ ते सहाची वेळ. किमोथेरपी डे-केअरच्या यादीत मान्य असल्याने त्याला दुपारीच मंजुरी आली. त्याला ती मिळालीच पाहिजे. कर्करोगाच्या रोग्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे झगडून ती मिळवलेली आहे. डायलिसिसचेही तसेच. मूत्रपिंडाचा रोगी चार तासांत घरी जातो म्हणून त्याला कोणी आजारी नाही असे म्हणत नाही. २०१६ साली केंद्राने जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही सुरू केला. म्हणजे चोवीस तासांची अट ही काही दगडावरची रेघ नाही. जिथे रेटा लागला तिथे ती वाकली. आमवात, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस यांच्या रोग्यांचा रेटा अजून लागलेला नाही, एवढाच फरक आहे.

औषध फुकट, दिवस मात्र कापला

माझ्या शेजारच्या खाटेवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. एका कार्यालयात कंत्राटदारामार्फत साफसफाईचे काम करतात. ईएसआयने त्यांना या रुग्णालयात पाठवले होते, त्यामुळे औषध, सलाईन, खाट सगळे फुकट. हे ईएसआयचे मोठेपण मान्य केले पाहिजे. पण बोलता बोलता त्या म्हणाल्या, “ताई, औषधाचं नाही हो काही. दिवस कापतात ना. आजचा एक, पंधरा दिवसांनी आणखी एक. शिवाय मुलीचाही खाडा, ती सोबत आली म्हणून.”

मी ईएसआयच्या नियमांचा विचार करू लागले. आजारपणाच्या काळात ईएसआय वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत देते. काही निवडक दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ ८० टक्के दराने आहे. ऐकायला उत्तम! पण १९४८ च्या कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत एक खुबी होती. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नाही. आधीचे आजारपण पंधरा दिवसांच्या आत झाले असेल आणि त्याचे पैसे मिळालेले असतील, तरच ही दोन दिवसांची अट गळते. आता या बाईंचा हिशेब करा. त्यांचे आजारपण दर वेळी एकेका दिवसाचे. पहिला दिवस दोन दिवसांच्या अटीत गेला. दुसरी वेळ बरोबर पंधरा दिवसांनी आली. पण पहिल्या वेळी पैसेच मिळाले नाहीत, तर सवलत कुठून लागू होणार? दोन दिवस सलाईनवर पडूनही नियमाच्या लेखी त्या एकही दिवस आजारी नव्हत्या.

खासगी विमा चोवीस तास मागतो, ईएसआय दोन दिवस मागते. एक मध्यमवर्गीयांसाठी, दुसरी कष्टकऱ्यांसाठी. दोन्हींनी आजाराची कल्पना एकाच मुशीतून काढली आहे : आजार म्हणजे ताप, अपघात, शस्त्रक्रिया, माणूस आडवा पडतो, काही दिवसांनी उठतो आणि कामावर जातो. गिरणीच्या काळातला तो आजार आहे. जो आजार वर्षभर सोबत राहतो आणि अधूनमधून एकेक दिवस मागतो, त्याला या मुशीत जागाच नाही.

दिव्यांगांचा कायदाही या बाबतीत पुरता डोळस नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया त्यात आले, ही मोठी झेप होती. परंतु आरक्षणासारखे बहुतेक लाभ ४० टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर अवलंबून आहेत. ज्या आजारात सोमवारी जिना चढता येत नाही आणि गुरुवारी येतो, त्याची टक्केवारी कोणत्या वारी काढायची?

सही घेतली, समजावले कोणी?

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट सांगणे वकील म्हणून माझे कर्तव्य आहे. औषध सुरू करण्याआधी संमतिपत्र आले. चार पाने, बारीक टाइप, संपूर्ण इंग्रजी. शेजारच्या बाईंनी ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि मला विचारले, “ताई, यात काय लिहिलंय?” तोवर सिस्टरने सहीची जागा पेनाने दाखवलीही होती. मी ते मराठीत सांगितले. हिपॅटायटिसच्या तपासणीचा परिच्छेद आला तेव्हा त्या म्हणाल्या, “मला लहानपणी कावीळ झाली होती, ते सांगायचं का?” ते अर्थातच सांगायचे होते. डॉक्टरांनी त्यांचा अहवाल पुन्हा काढून पाहिला, तपासणी झालेली आणि ठीक होती, मगच औषध सुरू झाले. पण शेजारी इंग्रजी वाचणारे कोणी नसते तर?

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की संमती खरी आणि वैध हवी. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे रोग्याला पुरेसे सांगितले पाहिजे. रोग्याला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावरची सही ही संमती ठरत नाही, तो रुग्णालयाच्या बचावाचा कागद ठरतो. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आली. ती भिंतीवर लावली जाते. फॉर्मवर उतरत नाही.

औषध कुठून घ्यायचे, हाही तसाच प्रश्न. माझ्या रुग्णालयाने औषध त्यांच्याच दुकानातून, छापील किमतीला घेण्याचा आग्रह धरला. बाहेर तीच कुपी चांगल्या सवलतीत मिळत होती. थंड साखळी तुटू नये म्हणून काळजी घ्यायला हवी, हे खरे. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. पण त्यासाठी बिल, बॅच क्रमांक आणि बर्फाचा डबा तपासून घेता येतो. सक्ती करण्याचे कारण नाही. २०१८ साली राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला होता. मार्च २०२५ मध्ये सिद्धार्थ दालमिया प्रकरणात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने सक्तीचा आदेश दिला नाही. धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. म्हणजे चेंडू आता राज्य सरकारच्या अंगणात आहे.

हा हक्काचा प्रश्न आहे

आजारपणात मदत मागणे म्हणजे भीक मागणे, ही भावना आपल्या लोकांच्या मनात खोल रुजवली गेली आहे. ती उपटून काढली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि दिव्यांगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याच्या हक्काची तरतूद करण्यास राज्याला सांगितले आहे. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, न्यायालयातून थेट बजावता येत नाहीत, हे आम्हा वकिलांना कोणी सांगायला नको. पण अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात आरोग्याचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ आणि १९९६ च्या निकालांत कामगारांच्या आणि शेतमजुरांच्या बाजूने सांगितलेले आहे.

ईएसआयचा इतिहासही विसरता कामा नये. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. आजारपणाचा खर्च एकट्या कामगाराने सोसायचा नसतो, तो मालक, कामगार आणि राज्य यांनी वाटून घ्यायचा असतो, हा त्यामागचा विचार. त्या काळच्या आजारांना पाहून त्या काळचे नियम केले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि ईएसआयची व्यवस्था सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. जुना कायदा बदलण्याची संधी सरकारने घेतली. मग दोन दिवसांची अट नव्या नियमांत पुढे ओढण्याचे कारण काय?

काय मागायचे, काय करायचे

मागण्या अवास्तव नाहीत. पहिली, डे-केअरच्या व्याख्येतून भुलेची अट काढावी आणि जो उपचार रुग्णालयातच होऊ शकतो तो तासांचा हिशेब न लावता मान्य करावा. दुसरी, २०१९ च्या यादीतली मोनोक्लोनल अँटिबॉडी ही कोणत्याही आजारासाठी दिली तरी मान्य आहे, असा खुलासा इर्डाने करावा. तिसरी, ईएसआयमध्ये डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या सलाईनच्या दिवसाचा लाभ पहिल्या दिवसापासून द्यावा. चौथी, संमतिपत्र मराठीत आणि रोग्याला कळेल त्या भाषेत असावे. पाचवी सर्वांत महत्त्वाची : जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी जी डे-केअर केंद्रे उभी राहणार आहेत, तिथल्या खाटांवर ठरावीक वारी आमवात, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यांनाही औषध द्यावे. औषध तेच, पंप तोच, प्रशिक्षित परिचारिका त्याच. नव्या इमारतीची गरज नाही. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या बाईला एका दिवसाच्या औषधासाठी प्रवासात तीन दिवस घालवावे लागू नयेत, एवढेच मागणे आहे.

तोवर आपण काय करावे? सलाईनची तारीख मिळाली की आधी विमा कंपनीकडून लेखी पूर्वमंजुरी मागा. डॉक्टरांकडून दोन ओळींचे पत्र घ्या : हा उपचार देखरेखीखाली रुग्णालयातच द्यावा लागतो आणि हे औषध मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे. पॉलिसी एप्रिल २०२४ नंतरची असेल तर जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत ४८ ऐवजी कमाल ३६ महिने आहे, हे लक्षात ठेवा. दावा नाकारला तर तोंडी उत्तर स्वीकारू नका. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला, ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभर उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. ग्राहक आयोगाचा मार्ग त्यानंतरही खुला राहतो. मी स्वतः कंपनीला २०१९ च्या सूचना जोडून उत्तर पाठवले आहे. हा मजकूर लिहीपर्यंत त्यांचे उत्तर आलेले नाही. आले नाही तर लोकपालाकडे जाणार आहे.

एकट्या दुकट्याने दावे लढवून अट वाकत नाही. डायलिसिसच्या आणि कर्करोगाच्या रोग्यांनी ते दाखवून दिले आहे. आपल्या वस्तीत, आपल्या कामगार संघटनेत, महिला मंडळात असे रोगी किती आहेत याची साधी यादी करा. आमवाताने बोटे वाकडी झालेल्या बायका प्रत्येक वस्तीत आहेत. ‘वात आहे’ म्हणून त्या गप्प बसलेल्या असतात. ती यादी जोडून जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्या, प्रत आमदारांना आणि ईएसआयच्या विभागीय कार्यालयाला पाठवा, आणि पोच घ्यायला विसरू नका. सामाजिक सुरक्षा संहितेखालच्या नियमांत दोन दिवसांची अट पुन्हा येऊ नये यासाठी कामगार संघटनांनी आपले लेखी म्हणणे आताच द्यावे.